ऑफर वाचणारे नाना

अकरा वाजले की नाना उभे राहायचे. बसून वाचलेलं अंगाला लागत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. एका हातात छापून घेतलेले कागद, दुसरा हात पाठीमागं, आणि समोर आम्ही पाच-सहा जण कानांतले हेडफोन काढून बसलेलो. मग नाना अमेरिकेतल्या कुठल्यातरी कंपनीच्या अटी आणि शर्ती वाचायला लागायचे. कागदावर इंग्रजी असायचं आणि तोंडातून फर्दापूरची मराठी यायची.

"आता ही कंपनी काय म्हणती, की बाबा तुझ्यावर क्रेडिट कार्डाचं लई कर्ज झालंय. तर तू बँकेला पैसे देणं थांबव आन् दर महिन्याला आमच्याकडं जमा कर. आम्ही बँकेशी बोलून तुझं कर्ज कमी करून देतो. बरं. पण बँकेनं ऐकलंच नाय तर? ते बी लिवलंय इथं, पण मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. थांबा, खिडकीपाशी जातो."

खिडकीपाशी जाऊन ते बारीक अक्षरं वाचायचे. सगळं वाचून झालं की कागद टेबलावर पालथे ठेवायचे आणि माझ्याकडं बघायचे.

"काय गं पाचोड, हे तुझ्या बाजारात उभं राहून सांगता येईल का?"

मी पाचोडची. नाना कुणाला नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. शेजारच्या टेबलावरचा मुलगा सिल्लोड होता, हिशेब बघणाऱ्या बाई पैठण होत्या. मी पाचोडच्या आठवडी बाजारात, मिरचीच्या ढिगाऱ्यापलीकडं उभी राहून ही ऑफर ओरडून सांगते आहे असं डोळ्यांपुढं आणायचे. कधी म्हणायचे, "येईल, नाना." बऱ्याचदा म्हणायचे, "नाही येणार. लोक मारतील." मग ती ऑफर बाद.

काम काय होतं ते सांगते, कारण माझ्या वडिलांना ते शेवटपर्यंत समजलं नाही. अमेरिकेत कार्डांच्या कर्जात बुडालेली माणसं खूप असतात, आणि त्यांना कर्जातून सोडवतो म्हणणाऱ्या कंपन्याही खूप असतात. या कंपन्यांना अशी माणसं हवी असतात. इंटरनेटवर जाहिरात करून, एक पान बनवून, त्या पानावर कुणी आपणहून नाव आणि फोन नंबर लिहून दिला की तो कंपनीला पाठवायचा. अशा एका नावाला म्हणतात लीड. प्रत्येक लीडमागं कंपनी पैसे देते. कुठली कंपनी किती देते, कुठल्या राज्यातली माणसं घेते, किती कर्ज असलेली घेते, हे सगळं ज्या बाजारात मांडलेलं असतं त्याला नेटवर्क म्हणतात, आणि मांडलेल्या मालाला ऑफर. चांगल्या ऑफर शोधणं हे माझं काम. याला अॅफिलिएट मार्केटिंग म्हणतात असं मी वडिलांना सांगितलं, तर ते म्हणाले, "म्हंजे दलाली." नाना मात्र लीड हा शब्द तोंडात येऊ देत नसत. "आज पाहुणे किती आले?" असं विचारायचे.

आमचं ऑफिस बीड बायपासला, शहराला लागून असलेल्या सातारा गावाच्या बाजूला होतं. औरंगाबाद त्या दिवसांत त्या दिशेनं पसरत चाललं होतं. जिथं ज्वारी होती तिथं चार चार मजल्यांची बिल्डिंग, बिल्डिंगच्या पायाशी वाळूचा ढीग, आणि ढिगाशेजारी उभा टँकर. पाऊस सलग दोन वर्षं पाठ फिरवून गेला होता. जायकवाडीत पाणी उरलं नव्हतं आणि आमच्या बाजूला तर नळाची लाइनच आलेली नव्हती. तरी फ्लॅट बांधले जात होते आणि विकलेही जात होते. पाहायला आलेल्या माणसांना बिल्डरची माणसं गच्चीतून डोंगर दाखवायची.

ऑफिस नानांच्या भाच्याचं. इंजिनिअर झालेला, दोन वर्षं हैदराबादला नोकरी करून आलेला, तिशी नुकतीच ओलांडलेला. आम्ही त्याला सर म्हणायचो. मामाला फर्दापूरहून त्यानंच आणलं होतं, कारण नाना जन्मभर जवळच्या अजिंठा लेण्यांत गाईड होते. इंग्रजी शिकायला ते कुठल्या शाळेत गेले नाहीत. पाहुण्यांच्या तोंडून ऐकून शिकले. त्यामुळं त्यांच्या एका वाक्यात ऑस्ट्रेलिया असायचा, दुसऱ्यात इंग्लंड, आणि मध्येच एखादा जर्मन शब्द, जो ते इंग्रजी समजूनच वापरायचे. पण कुणाही गोऱ्या माणसाला त्यांचं बोलणं कळायचं. आमच्यातल्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मुलालाही लोक फोनवर पुन्हा सांगा म्हणायचे. नानांना कुणी म्हणत नसे.

याचं कारण त्यांचा आवाज. नाना अतिशय हळू बोलायचे. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "लेण्यात मोठ्यानं बोललं की शब्द भिंतीवर आपटतो आन् घुमत बसतो. माणसाला आवाज ऐकू येतो, बोलणं नाय. म्हणून हळू बोलायचं, आन् एक वाक्य झालं की ते विरेपर्यंत दुसरं काढायचं नाय." ते तसंच बोलायचे, पत्र्याच्या पार्टिशनच्या आमच्या ऑफिसातही. वाक्य झालं की थांबायचे. नवीन माणसाला वाटायचं, हे विसरले की काय. पण त्या थांबण्यात समोरचा काहीतरी सांगून टाकायचा. मीही कितीतरी गोष्टी अशाच सांगून टाकल्या आहेत.

मी सकाळी आठलाच ऑफिसला यायचे. कामाची आवड म्हणून नव्हे. आम्ही चार मुली गारखेड्यात एका खोलीत राहायचो आणि तिथं पाणी आठवड्यातून एकदा यायचं, तेही येईल असं म्हणायचे म्हणून. ऑफिसच्या बिल्डिंगला सकाळी टँकर यायचा. तो वर टाकीत चढवून घ्यायचं काम नानांनी आपणहून अंगावर घेतलं होतं, त्यामुळं ते सगळ्यांच्या आधी आलेले असायचे. मी केस धुवायला आले आहे हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी बाथरूमच्या दाराबाहेर एक बादली भरून ठेवलेली होती, आणि नाना पाठ करून खिडकीतून टँकरवाल्याशी हुज्जत घालत होते. त्यावर आम्ही कधीच बोललो नाही. बादली मात्र रोज असायची. कधी टँकर अर्धा आला तर बादलीही अर्धी असायची, आणि नाना त्या दिवशी स्वतः तोंडही न धुता बसलेले दिसायचे.

कागदावर पास झालेल्या ऑफरची आणखी एक परीक्षा असायची. दिवेलागणीला, अमेरिकेच्या पूर्वेकडं सकाळ झाली की, नाना त्या कंपनीला स्वतः फोन करायचे. माझा भाचा कर्जात आहे, त्याच्यासाठी चौकशी करतोय, असं सांगायचे. हे खोटंही नव्हतं. भाच्यानं ऑफिससाठी कर्ज काढलेलं होतंच. मग ते आपल्या त्या सावकाश पद्धतीनं भाच्याची कहाणी सांगायला लागायचे. समोरून किती टक्के, किती महिने, याची उत्तरं काय येतात याकडं त्यांचं फारसं लक्ष नसायचं.

"मंग काय बघता तुम्ही?" सिल्लोडनं एकदा विचारलं.

"माझं बोलणं पुरं होऊ देतात का, एवढंच. जो कर्जाचं ऐकून घेत नाय, तो कर्ज काय सोडवील?"

कंपन्या नावं बदलायच्या. एका नावाची बदनामी झाली की तीच माणसं दुसरं नाव घेऊन नेटवर्कवर यायची. आम्ही पत्ते ताडून बघायचो, नंबर ताडून बघायचो. नाना फोन लावायचे आणि दुसऱ्या मिनिटाला हात वर करायचे. "ही तीच बाई. उन्हाळ्यात दुसऱ्या नावानं बोलत होती. आता सर्दी झालीय तिला, पण तीच." एकदा तर त्यांनी त्या बाईला विचारलंच, की बाई, तुमची जुनी कंपनी का सोडली? पलीकडून फोन ठेवला गेला. नानांना वाईट वाटलं. "मी तिची चौकशी करत व्हतो," म्हणाले.

या सगळ्यामुळं आमच्याकडं ऑफर थोड्या असायच्या. पण त्या वर्ष-वर्ष चालायच्या आणि पैसे वेळेवर यायचे. भाचा कुरकुरायचा, पण मामाला काही बोलायचा नाही. आई लवकर गेलेल्या या पोराला नानांनीच वाढवलं होतं.

मग त्या उन्हाळ्यात ती ऑफर आली. मीच शोधली होती. इतर कंपन्यांच्या जवळपास दुप्पट पैसे, आणि अमेरिकेतली बहुतेक सगळी राज्यं चालणार होती. मी भाच्याला दाखवली तेव्हा तो खुर्चीतून उठून माझ्या टेबलाशी आला. बिल्डिंगचं भाडं थकलेलं होतं, टँकरचा भाव दर पंधरवड्याला वाढत होता.

अकरा वाजता नानांनी ती वाचली. खिडकीपाशी बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "ही कंपनी पहिल्या महिन्यापासून आपली फी कापून घेणार. कर्ज कमी होवो न होवो. तिकडं अशी आधी फी घ्यायला बंदी हाय, म्हणून वर एक वकील बसवलाय, फी त्याच्या नावानं घ्यायची म्हंजे कायदा आडवा येत नाय." त्या संध्याकाळी त्यांनी फोन केला. पलीकडच्या माणसानं त्यांना दुसऱ्या वाक्यालाच तोडलं आणि बँकेचा खाते क्रमांक मागितला.

"नाय जमायचं," नाना म्हणाले.

भाचा दारात उभा होता. "मामा, या वेळी जमवावं लागंल."

"पाचोडला इचार."

"पाचोडला नका विचारू, मला विचारा. या महिन्याचा पगार मी कशातून देऊ? तुमची जुनी ऑफर दिवसाला चार माणसं देते. आपण काय कुणाच्या घरात घुसून पैसे काढतोय का? जाहिरात लावतोय. ज्याला यायचं तो येईल."

नाना थांबले. वाक्य विरण्याची वाट बघत होते की काय, कोण जाणे. मग एवढंच म्हणाले, "दुकान तुझं हाय, बाबा."

ऑफर लागली. पान मी बनवलं. पानाच्या तळाशी चौकशीसाठी एक नंबर असलाच पाहिजे असा नेटवर्कचा नियम होता, म्हणून भाच्यानं ऑफिसचा नंबर टाकला. त्यावर कधी कुणी फोन करत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. लोक खूप येऊ लागले. महिनाभरात भाच्यानं भाडं चुकतं केलं आणि आम्हाला पगार पहिल्या तारखेला मिळाला. मी घरी वडिलांना नवा मोबाइल घेऊन गेले. नाना अकराला उभे राहीनासे झाले. ते टँकर बघायचे, बादली भरायचे, आणि खिडकीशी बसून राहायचे.

एका सकाळी मी टॉवेल गुंडाळलेलं डोकं घेऊन बाथरूममधून बाहेर आले, तर नाना फोनवर होते. आपल्याकडं सकाळी साडेआठ वाजतात तेव्हा कॅलिफोर्नियात संध्याकाळ असते. तिथून एक बाई बोलत होत्या. शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या. आदल्या दिवशी त्यांनी आमच्या पानावर नाव-नंबर लिहून दिला होता, कंपनीचा फोनही त्यांना आला होता, आणि कागद सही करण्यासाठी आले होते. सही करण्याआधी त्यांनी पानाच्या तळाचा नंबर शोधून काढला होता. नानांनी फोन स्पीकरवर ठेवला होता, कारण रिसीव्हर खराब झालेला होता. त्यामुळं मीही ऐकलं.

बाईंनी एकच विचारलं. "ही माणसं चांगली आहेत का?"

नानांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग फोनकडं.

"मी त्यांना फोन केला होता, बाई," मग ते म्हणाले. "त्यांनी मला बोलू दिलं नाही."

"मलाही नाही," बाई म्हणाल्या.

मग नानांनी त्यांना सगळं सांगितलं. फी आधी कापतात हे सांगितलं. वकिलाचं सांगितलं. तुम्ही सही केलीत की आम्हाला पैसे मिळतात, हेही सांगितलं. तुमच्याच भागात नफा न घेता सल्ला देणाऱ्या संस्था असतात, आधी तिकडं जा, असं म्हणाले. बाईंनी विचारलं, की असं सांगून तुमचं कसं चालतं?

"नाही चालत," नाना म्हणाले. "पण तुम्ही विचारलंत."

मग मला अपेक्षित नव्हतं असं काहीतरी सुरू झालं. नानांनी विचारलं, की कर्ज झालं कशानं? बाई म्हणाल्या, बोअरनं. त्यांच्या खोऱ्यातही तीन-चार वर्षं पाऊस नव्हता. आजूबाजूच्या बागायतदारांनी खोल खोल बोअर पाडले आणि बाईंच्या घराची विहीर आटली. नवा बोअर त्यांनी कार्डांवर घेतला, एकावर मावेना म्हणून तीन कार्डांवर, आणि तोही कोरडा गेला.

नाना खुर्चीत पुढं सरकले. "काय निघालं खालून?" त्यांनी विचारलं. "पिवळा मुरूम की काळा दगड?"

मुरमाला इंग्रजीत काय म्हणतात ते त्यांना येत नव्हतं. ते मुरूमच म्हणाले आणि तो चिमटीत धरून कसा भुगा होतो ते सांगत बसले. आणि पलीकडं, अर्ध्या पृथ्वीपलीकडं, त्या बाई म्हणाल्या, "हो. तसंच. अगदी तसंच निघालं." मी ओल्या केसांनी दारात उभी होते. आयुष्यात तोपर्यंत अमेरिका मला कधी खरी वाटली नव्हती. ती माझ्यासाठी पडद्यावरची नावं आणि आकडे होती. त्या सकाळी ती खरी झाली, कारण तिथल्या एका बाईच्या अंगणात आमच्या पाचोडसारखाच कोरडा भुगा निघाला होता.

त्यानंतर त्या बाई अधूनमधून सकाळी फोन करू लागल्या. नाना त्यांना कॅलिफोर्निया म्हणायचे. "आज कॅलिफोर्नियाचा फोन होता. तिच्याकडं बी आता गाडीनं पाणी येतंय." आंघोळीचं पाणी झाडांना कसं वळवायचं ते नानांनी तिला शिकवलं, आणि तिनं नानांना आणखी काहीतरी शिकवलं, कारण एक दिवस त्यांनी बेसिनच्या खाली बादली लावलेली दिसली.

एवढ्यावर राहिलं असतं तर निभलं असतं. पण नानांना आता बाकीचे पाहुणे दिसू लागले. आमच्याकडं सगळ्यांचे नंबर होते. सकाळी टँकर चढवून झाला की नाना त्यांतला एकेक नंबर लावायचे, आणि सही करण्याआधी खालची बारीक अक्षरं वाचा, एवढं सांगायचे. मला माहीत होतं. मी केस पुसत ऐकायचे आणि दहा वाजता आपल्या टेबलाशी जाऊन बसायचे.

कंपनीला कळायला महिनाही लागला नाही. आलेली माणसं माघारी जात होती, आणि त्यांतल्या कुणीतरी सांगितलं होतं, की हळू बोलणाऱ्या एका माणसाचा फोन आला होता. नेटवर्कनं आमचं खातं बंद केलं आणि त्या महिन्याचे सगळे पैसे अडकवून ठेवले. एक खातं बंद झालं की बाकीच्या ऑफरही जातात. दुपारी भाचा आत आला तेव्हा त्याचा चेहरा पाहून आम्ही हेडफोन काढून ठेवले.

"कोण फोन करत होतं?"

"मी," नाना म्हणाले.

"मामा, माझ्याच दुकानात बसून माझं गिऱ्हाईक हाकललं?"

"अडकलेली माणसं व्हती रे. अडकली व्हती म्हणून तर आली."

"आन् ही?" भाच्यानं आमच्याकडं हात केला. त्याचा आवाज चिरकला होता. "ही नाय अडकली? हिचा बाप पाचोडात लोकांना सांगत फिरतो पोरगी अमेरिकन कंपनीत आहे म्हणून. त्याला काय सांगू मी? कॅलिफोर्नियाची बाई वाचली, आन् ही पोरं रस्त्यावर. हे कुठल्या बाजारात सांगता येईल, ते सांगा मला."

नानांनी आमच्याकडं एकेकाकडं बघितलं.

"तुमचं बी मी बघायला पाहिजे व्हतं," ते आम्हाला म्हणाले. "ते माझ्याच्यानं झालं नाय."

मला त्यांचा राग आला होता, आणि तो राग खोटा नव्हता. मोबाइलचे हप्ते बाकी होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तेव्हा खाली टँकर उभा होता आणि वर कुणी नव्हतं. नाना पहाटेच्या एसटीनं फर्दापूरला निघून गेले होते.

भाच्यानं एसी आणि अर्धे कॉम्प्युटर विकून आमचे पगार दिले. हे मी त्याच्या बाजूनं नेहमी सांगते. पुढं त्यानं बायपासच्या बिल्डरांसाठी फ्लॅटची गिऱ्हाइकं शोधायचं काम सुरू केलं, ते बरं चाललं. मी दोन वर्षांनी पुण्याला आले. आता मी मोठ्या ऑफिसात काचेच्या खोलीत बसते, आमच्याकडं अटी आणि शर्ती बघायला वेगळा विभाग आहे, आणि तो विभाग आम्हाला ईमेलनं कळवतो की सगळं ठीक आहे. औरंगाबादचं नाव बदललं, ऑफिसची बिल्डिंग आता जुनी दिसते, तिच्या मागं आणखी दहा उभ्या राहिल्या. गेल्या वेळी मी रिक्षातून जाताना आमच्या तिसऱ्या मजल्याची खिडकी शोधली. तिथं कुठल्यातरी क्लासचा फलक लावलेला होता.

फर्दापूरला मी एकदाच गेले, पाऊस चांगला झाला त्या वर्षी. वाघूर नदी भरून वाहत होती. नाना स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर भेटले. मला बघून उठले, "पाचोड," म्हणाले, आणि चहावाल्याला दोन बोटं दाखवली. मी भाच्याचं विचारलं.

"येतो की. दिवाळीला येतो. बोलत नाय, पण येतो. पाया पडतो, जेवतो, जातो." मग म्हणाले, "त्याचं बी चूक नव्हतं गं."

मला म्हणायचं होतं, की नाना, तुमच्यानंतर मी गेले त्या कुठल्याच ऑफिसात कुणी कुणाचं ऐकूनच घेत नाही. मला म्हणायचं होतं, मला तुमची आठवण येते. मी म्हणाले, केळी स्वस्त आहेत का इकडं. त्यांनी मला डझनभर केळी बांधून दिली.

ते गेल्याचं मला भाच्यानं फोन करून कळवलं, तेव्हा तेरावाही होऊन गेला होता. झोपेत गेले. भाचा फोनवर रडत होता. "मामा बरोबर होते," तो म्हणाला. "मी बी त्या वेळी चूक नव्हतो. आता कुणाशी भांडू, सांगा?"

पण नानांची आठवण आली की मला सगळ्यात आधी आठवते ती ते ऑफिस सोडून फर्दापूरला गेले त्यानंतरच्या आठवड्यातली एक सकाळ. ऑफिस अजून बंद झालेलं नव्हतं. टँकर मीच चढवून घेत होते. फोन वाजला. मी उचलला, आणि तो कॅलिफोर्नियाचा होता.

बाईंनी विचारलं, ते गृहस्थ आहेत का? मला इंग्रजी लिहिता यायचं, वाचता यायचं, बोलण्याची वेळ कधी आली नव्हती. मी म्हणाले, ते गावी गेले. परत कधी येणार? मी म्हणाले, येणार नाहीत. मग त्यांनी सांगितलं, की मी त्या सल्ला देणाऱ्या संस्थेत गेले होते, व्याज कमी करून मिळालं आहे, हळूहळू फिटेल. सरकारनं अंगणात पाण्याची टाकी बसवून दिली आहे, गाडी येऊन भरून जाते. हे त्यांना सांगायचं होतं. तू सांगशील का?

मी हो म्हणाले. आता त्या फोन ठेवतील असं मला वाटलं. त्यांनी ठेवला नाही.

"ते दिसतात कसे?" त्यांनी विचारलं.

मी गोंधळले. रोज पाहिलेल्या माणसाचं असं कुणी विचारत नाही. आणि माझ्याजवळ इंग्रजी शब्द तरी किती. मी म्हणाले, ठेंगणे आहेत.

"हो का?" बाई म्हणाल्या. "मला वाटलं होतं, उंच असतील."

नाही, मी म्हणाले, माझ्या खांद्याएवढे. एक खांदा खाली झुकलेला, जन्मभर लेण्यांत उजेड दाखवायच्या बॅटऱ्यांची पिशवी अडकवून. केसांना मेंदी लावतात, ती नीट धुवायला पाणी नसतं म्हणून कपाळही तांबडं दिसतं. कान मोठे आहेत. हसताना तोंडावर हात धरतात, पुढचा दात नाही म्हणून. चालताना पाय आधी चाचपून टाकतात, सपाट फरशीवरसुद्धा, जणू पुढं पायरी असेल. मी बोलत गेले, आणि बोलता बोलता माझा राग कुठं गेला ते मला कळलं नाही. शब्द अडले की मी थांबायचे, आणि त्या मला घाई करायच्या नाहीत.

खाली टँकरवाला हॉर्न वाजवत होता. पाइप वर ओढून घ्यायला माणूस हवा होता.

"आणखी सांग," बाई म्हणाल्या.

मी टँकरवाल्याला थांबू दिलं.